रँडम आकडे पुन्हा पुन्हा तेच येतात: दोष बीजात, चाकात की छाटणीत?

तक्रार एकच असते, रूपं वेगवेगळी. एक्सेलचा मॅक्रो चालवला की दर वेळी पहिला आकडा तोच. नाणेफेकीचा प्रोग्राम छापा, काटा, छापा, काटा असा कवायतीसारखा चालतो. सोसायटीच्या पार्किंगच्या सोडतीत ठरावीक नंबर थोडे जास्तच निघतात. आणि सगळ्यांत महागात पडणारं रूप म्हणजे वीस वेगळ्या सर्व्हरांची एसएसएच किल्ली (दुरून जोडताना सर्व्हरची ओळख पटवणारी) एकच निघते. यावर ‘लायब्ररी बदलून बघा’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि बहुतेक वेळा वाया जातो, कारण दुखणं लायब्ररीत नसतंच.

कॉम्प्युटरचा रँडम आकडा तीन टप्प्यांत तयार होतो. आधी बीज, म्हणजे सीड: सुरुवातीचा आकडा. मग चाक: आधीच्या आकड्यावरून पुढचा काढणारं ठरलेलं गणित. शेवटी छाटणी: आलेला मोठा आकडा १ ते ६ किंवा १ ते १०० अशा हव्या त्या मापात बसवणं. एंट्रॉपीचा, म्हणजे बिटांत मोजलेल्या खऱ्या अनिश्चिततेचा, प्रश्न बीजाशी असतो, मूळ संख्यांचा मुख्यतः चाकाशी. चाक कितीही उत्तम असलं तरी बीजात नसलेली अनिश्चितता ते पैदा करू शकत नाही. म्हणून काहीही बदलण्याआधी दोष कुठल्या टप्प्यात आहे ते शोधा.

त्यासाठी दोन चाचण्या पुरतात. पहिली: प्रोग्राम पूर्ण बंद करून पाच वेळा सुरू करा आणि दर वेळी पहिले दहा आकडे लिहून ठेवा. पाचही याद्या सारख्या असतील, किंवा त्यांतल्या दोनच सारख्या असतील, तरी दोष बीजात. दुसरी: एकाच वेळी दहा लाख आकडे काढून प्रत्येक आकडा किती वेळा आला ते मोजा आणि लागोपाठच्या आकड्यांत सम-विषम कसे येतात ते पाहा. मोजणी कलती असेल तर छाटणी तपासा, क्रमात ठेका दिसला तर चाक.

एक सावधगिरी. डायहार्डरसारखी संख्याशास्त्रीय चाचणी पास झाली म्हणजे एंट्रॉपी आहे असं समजू नका. एक, दोन, तीन असे क्रमाने आकडे घ्या, ते जगजाहीर किल्लीने एईएस या सांकेतिकीकरणाच्या पद्धतीतून काढा. सगळ्या चाचण्या पास होतील, आणि ती किल्ली माहीत असलेल्याला पुढचा प्रत्येक आकडा आधीच माहीत असेल. चाचणी चाक बघते, बीज नाही.

बीजाचे दोष

सर्वांत साधा प्रकार म्हणजे बीज दिलेलंच नाही. सी भाषेत बीज न देता ‘रँड’ बोलावलं तर मानकाप्रमाणे बीज १ धरलं जातं, त्यामुळे क्रम कायम तोच. एक्सेलच्या व्हीबीएमध्ये ‘रँडमाइझ’ न लिहिता ‘आरएनडी’ वापरलं तर एक्सेल नव्याने उघडल्यावर पहिला आकडा ०.७०५५४७५ येतो, दुसरा ०.५३३४२४. हे आकडे ओळखीचे वाटले तर निदान तिथेच झालं. मॅक्रोच्या सुरुवातीला, लूपच्या बाहेर, ‘रँडमाइझ’ एकदाच लिहा.

लूपच्या बाहेर यावर जोर आहे, कारण दुसरा प्रकार त्यातूनच येतो. सेकंदाचं घड्याळ बीज म्हणून वापरायचं आणि तेही प्रत्येक फेरीत! एका सेकंदात हजारो फेऱ्या होतात, त्या सगळ्यांना एकच बीज मिळतं. एकाच सेकंदात सुरू झालेल्या दोन प्रोग्रामांचंही तसंच. शिवाय दिवसात सेकंद असतात ८६,४००, म्हणजे प्रोग्राम कुठल्या दिवशी चालला हे कळलं तर उरली ती जेमतेम १६.४ बिट एंट्रॉपी. साधा लॅपटॉप एवढी बीजं डोळ्याचं पातं लवायच्या आत तपासतो. १९९५ मध्ये नेटस्केप ब्राउझरची सुरक्षा गोल्डबर्ग आणि वॅग्नर यांनी याच वाटेने फोडली. तिथे बीज वेळ आणि प्रोसेस क्रमांकांवरून बनत होतं.

आर्डुइनोवाल्यांसाठी वेगळी नोंद, कारण हा दोष तिथे घरोघरी आहे. मोकळ्या अॅनालॉग पिनचं रीडिंग बीज म्हणून द्यायचं, असं जवळजवळ प्रत्येक उदाहरणात लिहिलेलं असतं. ऊनो बोर्डाचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) १० बिटांचा, म्हणजे रीडिंग ० ते १०२३. बीजं झाली जास्तीत जास्त १,०२४, आणि मोकळी पिन एका छोट्या पट्ट्यातच हेलकावे खात असल्याने प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ कमी. पिन चुकून ग्राउंडला लागली तर रीडिंग ० येतं, आणि ‘रँडमसीड’ला ० दिलं तर ते काहीच करत नाही, नेहमीचाच क्रम सुरू होतो. उपाय असा: प्रत्येक रीडिंगचा फक्त शेवटचा बिट घ्या. बिट जोडीजोडीने पाहा. ०१ आलं तर ० लिहा, १० आलं तर १ लिहा, ००‌ आणि ११ टाकून द्या. असे ३२ बिट जमले की ते बीज म्हणून द्या. जोड्यांची ही युक्ती फॉन नॉयमन यांची. ती कल घालवते, पण रीडिंग एकमेकांवर अवलंबून असतील तर ते मात्र घालवत नाही, म्हणून दोन रीडिंगांमध्ये काही मिलिसेकंद जाऊ द्या.

किती रीडिंग लागतील याचा अंदाज हवा असेल तर सर्वांत संभाव्य निकालावरून हिशोब करा. एखादा बिट दहापैकी नऊ वेळा १ च येत असेल तर त्यात एंट्रॉपी फक्त ०.१५२ बिट (०.९ चा २ पायाचा लॉग, चिन्ह उलटं करून). २५६ बिट जमवायला असे १,६८५ बिट लागतील, २५६ नाही.

फोर्क केलेल्या, म्हणजे चालू प्रोग्रामची नक्कल काढून बनवलेल्या, प्रोसेस हा आणखी एक सापळा. आई-प्रोसेसमधली चाकाची स्थिती प्रत्येक पिल्लाला जशीच्या तशी मिळते. पायथनचं स्वतःचं रँडम मोड्यूल आवृत्ती ३.७ पासून फोर्कनंतर नवं बीज घेतं, नमपाय या गणिती लायब्ररीची जागतिक स्थिती घेत नाही. आठ वर्कर एकच ‘रँडम’ चित्र आठ वेळा बनवताना दिसले तर प्रत्येक वर्करला त्याच्या क्रमांकासह वेगळं बीज द्या.

चाकाचे दोष, आणि तिथे मूळ संख्या काय करते

कागद-पेन्सिल घ्या. नियम: आधीच्या आकड्याला ३ ने गुणा, ७ ने भागा, बाकी हा पुढचा आकडा. १ पासून सुरू केलं तर १, ३, २, ६, ४, ५ आणि परत १. शून्य सोडून सगळे आकडे आले. आता भाजक ७ ऐवजी ८ करा: १, ३, १, ३. दोनच आकड्यांत चाक फिरून जागेवर. ७ ही मूळ संख्या आहे, म्हणून तिच्या खालच्या प्रत्येक आकड्याशी ती सहमूळ असते (१ शिवाय सामाईक अवयव नसतो) आणि चाकाला मोठा फेरा मिळू शकतो. ‘शकतो’ एवढंच. ३ च्या जागी २ घेतलं तर ७ असूनही १, २, ४ आणि परत १. मूळ भाजक आणि त्याला साजेसा गुणक, दोन्ही हवेत.

प्रत्यक्षात वापरलं जाणारं असं सर्वांत प्रसिद्ध चाक म्हणजे भाजक २^३१ − १ = २,१४,७४,८३,६४७ आणि गुणक १६,८०७, म्हणजे ७ चा पाचवा घात. हा भाजक मूळ आहे हे ऑयलरने १७७२ मध्ये सिद्ध केलं. लुईस, गुडमन आणि मिलर यांनी १९६९ मध्ये ही जोडी मांडली, पार्क आणि मिलर यांनी १९८८ मध्ये ‘किमान एवढं तरी वापरा’ म्हणून तिची शिफारस केली. ऊनोसारख्या एव्हीआर बोर्डांच्या लायब्ररीत आजही हेच चाक आहे.

हे चाक स्वतः लिहिलं असेल तर तपासणी सोपी आहे. बीज १ द्या आणि दहा हजारावा आकडा पाहा. तो १,०४,३६,१८,०६५ यायलाच हवा. नाही आला तर बहुधा गुणाकार ३२ बिटांत मावत नाहीये. गुणाकार ६४ बिटांत करा. तेवढी सोय नसलेल्या चिपवर श्रेगची युक्ती वापरा: जुना आकडा १,२७,७७३ ने भागा, बाकीला १६,८०७ ने गुणा, त्यातून भागाकार गुणिले २,८३६ वजा करा, उत्तर ऋण आलं तर भाजक मिळवा. आणि बीज ० कधीच देऊ नका. शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच, चाक जागेवर गोठतं.

याची मर्यादाही लक्षात ठेवा. पूर्ण फेरा २,१४,७४,८३,६४६ आकड्यांचा. सेकंदाला एक कोटी आकडे ओढणारं सिम्युलेशन साडेतीन मिनिटांत सगळा फेरा संपवून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

छापा-काटा-छापा-काटा कुठून येतं? भाजक मूळ संख्या नसून २ चा घात असतो तिथून. भागाकार टाळता येतो, नुसते वरचे बिट कापले की झालं, म्हणून हा भाजक लोकप्रिय. उदाहरण म्हणून ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागून बाकी घ्या. ० पासून: ०, ३, २, १३, ४, ७, ६, १, ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९. सोळाच्या सोळा आकडे आले, फेरा पूर्ण. पण नीट पाहा: सम, विषम, सम, विषम. ४ ने भागून बाकी घेतली तर ०, ३, २, १ हाच ठेका शेवटपर्यंत. अशा चाकाच्या सर्वांत खालच्या बिटाचा फेरा फार तर २, खालच्या दोन बिटांचा ४, तिघांचा ८. बाकी २ ने काढलीत तर तुमच्या हाती नेमका सर्वांत वाईट बिट येतो. उपाय एका ओळीचा: खालचे बिट वापरू नका, वरचे वापरा. जावाचं जुनं ‘रँडम’ ४८ बिटांचं असंच चाक आहे, पण ते बाहेर वरचेच बिट देतं.

गुणक वाईट निवडला तर काय होतं याचा नमुना म्हणजे आयबीएमचं रँडू: गुणक ६५,५३९, भाजक २^३१. त्याचा कुठलाही आकडा म्हणजे आधीच्या आकड्याची सहापट वजा त्याआधीच्याची नऊपट, २^३१ ने भागून उरलेली बाकी. तीन-तीन आकडे घेऊन त्रिमितीत ठिपके मांडले तर सगळे ठिपके फक्त १५ सपाट पातळ्यांवर बसतात. जुन्या फोरट्रान कोडमध्ये ६५५३९ हा आकडा दिसला तर पुढचं काही वाचू नका, आधी तो काढा.

मर्सेन ट्विस्टर हे पायथन आणि नमपायच्या जुन्या इंटरफेसचं चाक. फेरा २^१९९३७ − १, आणि हीसुद्धा मूळ संख्या. सिम्युलेशनसाठी ठणठणीत, पण त्याचे ३२ बिटी ६२४ आकडे लागोपाठ पाहिले की आतली सगळी स्थिती उलगडते आणि पुढचा प्रत्येक आकडा सांगता येतो. ओटीपी, पासवर्ड, टोकन यांसाठी ते नाहीच. तिथे पायथनमध्ये ‘सीक्रेट्स’ मोड्यूल, जावात ‘सिक्युअर-रँडम’.

छाटणी

एक बाइट ० ते २५५. तिला १० ने भागून बाकी घेतली तर ० ते ५ हे अंक प्रत्येकी २६ वाटांनी येतात, ६ ते ९ प्रत्येकी २५ वाटांनी. ० ते ३२,७६७ देणाऱ्या ‘रँड’ला १०० ने भागलं तर ० ते ६७ या नंबरांना ३२८ संधी, ६८ ते ९९ यांना ३२७. फरक बारीक आहे, पण सोडतीत हरलेला माणूस तो शोधून काढतोच. उपाय: बाइट २५० किंवा जास्त आली तर टाकून द्या आणि नवी घ्या, दुसऱ्या उदाहरणात ३२,७०० पासून पुढचं टाका.

यादी पिसताना प्रत्येक जागेची अदलाबदल संपूर्ण यादीतल्या कुठल्याही जागेशी केली तरी कल येतो. तीन चिठ्ठ्यांना अशा २७ वाटा होतात आणि क्रम ६. २७ ला ६ ने निःशेष भाग जात नाही. अदलाबदल फक्त अजून न पिसलेल्या भागाशी करा. आणि १०० फ्लॅटांचे संभाव्य क्रम जवळपास २^५२५ आहेत. ३२ बिटांच्या बीजाने त्यांपैकी फार तर २^३२ निघू शकतात, बाकीच्यांची शक्यता शून्य. सोडतीला २५६ बिटांचं बीज घ्या आणि सर्वांसमोर जाहीर करायचं असेल तर फ्लॅटांची यादी गोठवल्यानंतरच काढा.

एकच किल्ली अनेक सर्व्हरांवर

इथे मूळ संख्या आणि एंट्रॉपी एकमेकींच्या पायात पाय घालतात, म्हणून थोडं थांबून.

२,०४८ बिटांच्या आरएसए किल्लीसाठी १,०२४ बिटांच्या दोन मूळ संख्या लागतात; त्यांचा गुणाकार सार्वजनिक असतो, त्या दोघी मात्र गुप्त. एवढ्या मोठ्या आकड्यांत सरासरी ७१० पैकी एक मूळ असतो, फक्त विषम तपासले तर ३५५ पैकी एक. प्रोग्राम रँडम आकडे घेतो, लहान मूळ संख्यांनी भाग जातो का बघतो, टिकला त्याला मिलर-राबिन ही मूळ संख्या ओळखणारी चाचणी लावतो. हा शोध कितीही मेहनतीचा असला तरी तो ठरलेल्या वाटेने जातो. सुरुवात सारखी असेल तर सापडणारी मूळ संख्याही तीच.

आता नवा राउटर किंवा नुकतीच क्लोन केलेली व्हर्च्युअल मशीन डोळ्यांसमोर आणा. डिस्क नाही किंवा तीच इमेज, कीबोर्ड नाही, नेटवर्क अजून शांत. कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याकडे, एंट्रॉपी जवळजवळ शून्य, आणि पहिल्याच बूटमध्ये किल्ली बनवायचं काम येतं. दोन यंत्रांची सुरुवात तंतोतंत सारखी राहिली तर दोघांची किल्ली एक. याहून वाईट म्हणजे पहिली मूळ संख्या सापडेपर्यंत सारखी होती आणि दुसरीच्या आधी घड्याळाचा एखादा काटा वेगळा पडला, तेव्हा किल्ल्या वेगळ्या दिसतात, पण आत एक मूळ संख्या सामाईक असते. मग शाळेतला मसावि पुरतो. ११,४१३ आणि १२,८२७ या दोन सार्वजनिक संख्या समजा. १२,८२७ − ११,४१३ = १,४१४. ११,४१३ ला १,४१४ ने भागून बाकी १०१. १,४१४ ला १०१ ने पूर्ण भाग जातो. मसावि १०१; म्हणजे ११,४१३ = १०१ × ११३ आणि १२,८२७ = १०१ × १२७. दोन्ही किल्ल्या उघड्या. हजार आकडी संख्यांनाही मसावि काढायला क्षणभरच लागतो, अवघड असतं ते एकट्या संख्येचे अवयव पाडणं. २०१२ मध्ये हेनिंगर, डुरुमेरिक, वुस्ट्रो आणि हाल्डरमन यांनी इंटरनेटवरच्या किल्ल्या गोळा करून हेच केलं आणि टीएलएस (वेबची सुरक्षित जोडणी) वापरणाऱ्या यंत्रांपैकी ०.५० टक्क्यांच्या खासगी किल्ल्या मिळवल्या.

दुरुस्ती इमेजपासून सुरू करा. इमेज बंद करण्याआधी ‘ईटीसी’मधल्या एसएसएच फोल्डरातल्या सगळ्या होस्ट किल्ल्या पुसा, मशीन-आयडीची फाइल रिकामी करा (पुसू नका, रिकामी करा) आणि सिस्टमडीने साठवलेली रँडम-सीड फाइल काढून टाका. ही शेवटची फाइल हमखास राहून जाते, आणि मग प्रत्येक क्लोन एकाच जुन्या बीजावर उभा राहतो. व्हर्च्युअल मशीन क्यूईएमयू-केव्हीएमवर चालत असेल तर पाहुण्या मशीनला व्हर्टआयओ-आरएनजी हे उपकरण जोडा, यजमानाची एंट्रॉपी त्यातून येते. बूट झाल्यावर कर्नलच्या नोंदीत ‘सीआरएनजी इनिट डन’ ही ओळ शोधा. किल्ल्या त्या ओळीनंतरच्या वेळेच्या हव्यात; आधीच्या असतील तर पुसून पुन्हा बनवा. ‘एसएसएच-कीजेन’ला मोठ्या लिपीतल्या ‘ए’चा पर्याय दिला की नसलेल्या सगळ्या होस्ट किल्ल्या एकदम तयार होतात.

मग पडताळणी. सर्व यंत्रांच्या फिंगरप्रिंटची (किल्लीच्या छोट्या ओळखखुणेची) एकच यादी करा, क्रमाने लावा, दोनदा आलेल्या ओळी बघा. आरएसए किल्ल्या असतील तर एवढ्यावर थांबू नका, सार्वजनिक संख्यांचा जोडीजोडीने मसावि काढा. हजार किल्ल्यांच्या ४,९९,५०० जोड्या होतात, लॅपटॉपला ते जड नाही. कुठेही उत्तर १ सोडून काही आलं तर त्या जोडीतल्या दोन्ही किल्ल्या बाद.

ईडी-२५५१९ या दुसऱ्या प्रकारच्या किल्ल्यांकडे वळलात तर सामाईक मूळ संख्येचा प्रश्नच मिटतो, कारण तिथे मूळ संख्या शोधायची नसते. ३२ रँडम बाइट म्हणजेच खासगी किल्ली, आणि २^२५५ − १९ ही मूळ संख्या सगळ्यांना एकच, उघड. पण बाइटच सारखे आले तर किल्लीही सारखीच, म्हणून वरची इमेजची साफसफाई चुकत नाही.

जुने सर्व्हर सांभाळत असाल तर २००८ मध्ये उघड झालेला डेबियन लिनक्सचा दोषही तपासा. २००६ मध्ये ओपनएसएसएल या सुरक्षा-लायब्ररीच्या त्यांच्या आवृत्तीतून बीज मिसळणारी ओळ निघाली आणि बीज म्हणून उरला तो फक्त प्रोसेस क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रकारच्या यंत्रावर एका मापाच्या किल्ल्या ३२ हजारांच्या आसपासच. कुणाला आत येऊ द्यायचं ते सांगणाऱ्या ऑथराइज्ड-कीजच्या फाइलीत त्या काळातली ओळ असेल तर कुणाची आहे हे विचारत बसू नका, काढा.

राहिली उलटी तक्रार: बूट अडकतं, प्रोग्राम रँडमची वाट बघत बसतो. लिनक्स कर्नल ५.४ पासून गरज पडली तर प्रोसेसरच्या वेळेतल्या चढउतारातून एंट्रॉपी जमवली जाते आणि ५.६ पासून ‘डेव्ह रँडम’ ही रँडम बाइट देणारी फाइल एकदा सुरुवात झाल्यावर अडत नाही. म्हणून आधी कर्नलची आवृत्ती पाहा. हॅवेजडी हा एंट्रॉपी जमवणारा प्रोग्राम बसवण्याचा सल्ला मुख्यतः त्याआधीच्या कर्नलांसाठी होता. नव्या कर्नलवर एंट्रॉपीचा साठा सांगणारी ‘एंट्रॉपी-अव्हेल’ फाइल कायम २५६ दाखवते. जुन्या लेखांत ३,००० च्या वरचे आकडे दिसतात ते जुन्या ४,०९६ बिटांच्या साठ्याचे. २५६ पाहून घाबरू नका. ‘डेव्ह रँडम’ पुसून त्या जागी ‘यूरँडम’ची लिंक टाकण्याचा उद्योग मात्र कुठल्याच कर्नलवर करू नका, जुन्यावर तर त्यातूनच बीज नसलेल्या किल्ल्या जन्मतात.

किल्ल्या बदलल्यावर जोडणाऱ्या प्रत्येक लॅपटॉपवर ‘होस्टची ओळख बदलली’ असा मोठा इशारा येईल. लॅपटॉपवरच्या नोन-होस्ट्स फाइलीतली त्या सर्व्हरची जुनी नोंद काढा, आणि नवी स्वीकारताना फिंगरप्रिंट सर्व्हरच्या कन्सोलवर दिसणाऱ्याशी अक्षर न अक्षर जुळवा.